डाव्या पायाचा अंगठा

नाटककाराच्या खिडकीखाली उभं राहून मी जे सांगितलं, ते माझ्या मनचं होतं. हे आधीच कबूल करते, म्हणजे पुढचं सांगताना जीभ अडखळणार नाही.

दर शनिवारी सकाळी मी लोकांना त्याचं शहर दाखवते. तो जाऊन चाळीस वर्षं झाली, पण त्याची नाटकं अजून लागतात आणि पंधरा-वीस माणसं दोन तास पायपीट करायला हौसेनं येतात. खाली छापखाना, त्याच्यावर तिसऱ्या मजल्यावर त्याची खोली, मग तालमीचा हॉल, शेवटी नाट्यगृहाचं मागचं दार. काम नाट्यगृहाच्या संग्रहालयाचं. बाळंतपणानंतर मी परत रुजू झाले तेव्हा ठोंब्या चार महिन्यांचा होता. त्याला सासूबाईंच्या हवाली करून निघाले खरी, पण दर पाच मिनिटांनी फोन बघत होते. मीच अशी, तर लोकांना काय बोल लावणार? खिडकीखाली पोचेपर्यंत तेही आपापल्या फोनमध्ये डोकं घालून उभे होते.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "याच खिडकीत बसून त्यानं तिसरा अंक लिहिला. पाळण्याची दोरी डाव्या पायाच्या अंगठ्याला बांधलेली. हात कागदावर, पाय पाळण्यावर."

सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. तिसरा अंक म्हणजे बाप मुलीला झोपवतो तो. अख्खं नाट्यगृह ज्याला नाक पुसतं तो.

अंगठा माझा होता. त्याच सकाळी मी ठोंब्याला झोके देत देत टिपणं काढली होती, आणि माझा अंगठा मी नाटककाराला देऊन टाकला.

पुढच्या शनिवारी दुरुस्त करू म्हटलं. पुढच्या शनिवारी लोक आधीच विचारायला लागले, "ती अंगठ्याची खिडकी कुठाय?" संग्रहालयाचे व्यवस्थापक तर हरखूनच गेले. "असं काहीतरी जिवंत हवं होतं, मॅडम!" त्यांनी ते पत्रकात छापलं. मग पितळी पाटी करायला टाकली. मी फार तर "असं म्हणतात" एवढं शेपूट वाक्याला जोडायला लागले. सोमवारी पाटी भिंतीवर बसणार होती.

त्याच्या आधीच्या शनिवारी एक मावशी पुन्हा आल्या. सलग तिसऱ्यांदा. सत्तरीच्या, छत्रीची काठी करून चालणाऱ्या, एक शब्द न बोलणाऱ्या. खिडकीखाली मात्र अगदी पुढे येऊन उभ्या राहायच्या. फेरी संपली, लोक पांगले, तरी त्या हलेनात.

"कुणी सांगितलं हो तुम्हाला हे अंगठ्याचं?"

"घरच्यांच्या आठवणी आहेत," मी ठोकून दिलं.

"घरच्यांच्या." त्या हसल्या. "घरची मीच उरलेय. त्या पाळण्यातली."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. माफी मागायला तोंड उघडलं, तर त्यांनी छत्रीनंच थांबवलं.

"बाबांना लिहिताना टाचणी पडलेली चालायची नाही. मी रडले की ते काही बोलायचे नाहीत, नुसतं पेनाला टोपण लावायचे. खट्‌. तेवढा आवाज आला की आई मला उचलून खाली छापखान्यात. कंपोझिटरकाकांनी कागदाच्या कातरणांचं एक खोकं ठेवलं होतं माझ्यासाठी. यंत्रांच्या खडखडाटात मी ढाराढूर! अजून मला शांततेत झोप येत नाही. रात्रभर पंखा लागतो, थंडीतसुद्धा."

"आणि आई?"

"आई खोक्याशेजारी बसून त्यांच्या खरड्यांची पक्की प्रत लिहून काढायची. दुसरं काय करणार?"

"मावशी, मी आजच पाटी थांबवते."

"नको!" त्यांनी माझं मनगट धरलं. "राहू दे ना गं. बाबांनी मला झोका दिला असं सत्तर वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी म्हणतंय. मी तेवढंच ऐकायला येते. दोन बसा बदलून."

मी "बरं" म्हणाले. मला सुटल्यासारखं वाटलं, हीच त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट. त्यांनी माझ्या कुडत्यावरच्या दुधाच्या डागाकडे पाहिलं. "जा घरी. तुझं रडत असेल."

रडत नव्हता. झोपला होता. सासूबाई जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसून गुडघे चोळत होत्या.

"महाराजांना आज जिनाच हवा होता. वर नेलं की गप्प, खाली आणलं की गप्प, थांबलं की भोकाड. अकरा फेऱ्या झाल्या माझ्या."

"अहो, मग यांना हाक मारायची!"

"त्याची मीटिंग होती ना. दार लावून बसला होता." मग हसून म्हणाल्या, "हा ठोंब्या उद्या मोठा माणूस झाला, तर माझ्या गुडघ्यांचं नाव कुठेतरी घाल हो."

त्या चेष्टेनं बोलल्या. मी आत जाऊन व्यवस्थापकांना फोन लावला.

"पाटी लावू नका. ते खरं नाही."

"अहो मॅडम, कोरून झालीय! आणि खोटं कशावरून? पुरावा?"

"मीच की पुरावा. मी रचलं ते."

"येता शनिवार तेवढा करा. तुमचं पुढे काय करायचं ते समिती बघेल."

मावशींचा नंबर माझ्याकडे नव्हता. असता तरी केला असता की नाही, देव जाणे.

शनिवारी त्या आल्या. पुढेच उभ्या राहिल्या. मी लोकांना खिडकीखाली न नेता छापखान्याच्या दारात थांबवलं.

"मी इथे एक गोष्ट सांगायचे, अंगठ्याची. ती माझी बनावट होती, त्याबद्दल माफ करा. खरं असं, की वर पेनाला टोपण लागलं की त्याची बायको तान्ह्या मुलीला घेऊन या जिन्यानं खाली यायची. चोपन्न पायऱ्या. इथे कातरणांच्या खोक्यात मुलगी झोपायची, आणि शेजारी बसून ती त्याची नाटकं पक्की लिहून काढायची. तिसरा अंकसुद्धा."

मावशींकडे पाहायची माझी छाती झाली नाही. पण आवाज ऐकू आला.

"त्रेपन्न. एक मोडलेली होती. ती आई ओलांडायची."

लोकांनी वळून पाहिलं. कुणीतरी लगबगीनं फोन काढून जिन्याचा फोटो घेतला. मावशी जिन्याकडे पाहत होत्या, मग त्यांनी छत्री उचलली आणि बसथांब्याच्या दिशेनं चालू लागल्या. मी मागून हाक मारली. त्या थांबल्या नाहीत.

उरलेल्यांना घेऊन मी खिडकीखाली गेले. "इथे तो लिहायचा," मी म्हणाले.

कुणीही मान वर केली नाही.