तट्ट्याआडची पार्बताबाई

"बोल ना बापा! नुसता बसून तट्टा हालवून राहिला. तू मायाकडं पाहू नोको, मी तुयाकडं पाहात नाही. अजून काय पायजे तुले?"

तट्ट्यापलीकडून कुणीतरी खाकरलं. मग हळूच आवाज आला, "बाई, ते... जरा आग होते, जयजय होते."

"कुठी? डोयात?"

"नाही हो बाई!"

"मंग कुठी ते सांग ना. नाही तं डॉक्टरसाहेब डोयात औषध घालतीन अन् जयजय राहीन तिथंच."

पलीकडचा माणूस खुदकन हसला. माणूस हसला की अर्धं काम झालं, हे पार्बताबाईला पक्कं ठाऊक होतं. पुढचं सगळं तो भडाभडा सांगून मोकळा झाला.

पार्बताबाई अकोल्याच्या त्या दवाखान्यात सुईण होती. अर्धं अकोलं आपल्या हातांनी जगात आलं, असं ती स्वतःच सांगत असे, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. पण हातात मेलेलं मूल आलं की तिचा जीव कासावीस होई. नवऱ्यानं बाहेरून गरमीचा रोग आणायचा, मूल बायकोच्या पोटात मरायचं, आणि दोष देऊन सवत आणायची ती बायकोच्याच उरावर! वऱ्हाडावर राज्य इंग्रजांचं असलं, तरी गरमी-परम्यावर राज्य वैदूंचं होतं. ते पाऱ्याचा रसकापूर खाऊ घालत, रोग्याचे दात पडत आणि रोग होता तिथंच राही. डॉक्टर हरिहरपंतांकडे नव्या सुया होत्या, पण टोचून घ्यायला कुणी यायचं नाही.

"लाजतात लोक. माझ्यासमोर तोंड उघडत नाहीत," डॉक्टर म्हणाले होते.

"मंग भिंतीसमोर उघडू द्या," पार्बताबाई म्हणाली.

तिच्याकडच्या घरांत सून सासऱ्याशी आणि सासू जावयाशी समोरासमोर बोलत नसे. पदर ओढून, भिंतीकडे तोंड करून म्हणायचं, "सांगा म्हना त्याइले, ताट वाढलं." भिंतीला सांगितलेलं ज्याला कळायचं त्याला बरोबर कळे. तीच रीत तिनं दवाखान्यात आणली. व्हरांड्याच्या टोकाला बांबूचा तट्टा उभा केला आणि आपण त्याच्या आड बसली. नाव विचारायचं नाही, शिव्या द्यायच्या नाहीत, हे तिचे नेम. गड्याला मात्र एकच अट होती. घरी जाऊन बायकोला त्याचं त्यानंच सांगायचं आणि तिलाही सुया घ्यायला आणायचं. डॉक्टर आधी हसले. पण दोन-चार आठवडी बाजार झाले नाहीत तोच तट्ट्यापुढं माणसं नंबर लावून बसू लागली.

कापसाच्या हंगामातल्या एका बाजारी असाच एक जण येऊन बसला. मग म्हणाला, "घरची पोटुशी हाये. तिले काही होईन का?"

पार्बताबाईनं तो आवाज ओळखला. आवाज खुशालरावाचा होता. पातूरचा खुशालराव म्हणजे तिचा जावई, आणि घरची म्हणजे तिची एकुलती एक लेक, सिंधू. सिंधूला पाचवा लागला होता.

उठावं, तट्टा लाथेनं पाडावा आणि याचं मुस्काट फोडावं, असं तिला वाटलं. हात शिवशिवलेही. पण हा इथून पळाला तर सरळ वैदूकडे जाईल आणि सिंधूला कुणी चकार शब्द सांगणार नाही. तट्ट्याआड कोण बसतं, हे साऱ्या पातुराला माहीत होतं. त्यालाही होतं. तरी तो आला होता.

"कुठून आनलं हे?" तिनं विचारलं.

"जिनावर कापसाच्या गाड्या घेऊन येतो. मुक्काम पडते. सोबतीचे घेऊन गेले..."

"त्याइनं नेलं अन् तू बैलावानी मांगं मांगं गेला!" ती बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. "जाऊ दे. जास्तीचं बोलली मी. आयक आता बापा. मायच्या पोटातून लेकराले जाते हा रोग. पन आतापासून सुया घेतल्या तं लेकरू वाचते. तू आजच घे. येत्या बाजारी तिले घेऊन ये."

"तुमीच सांगा ना तिले," शेवटी तो म्हणाला. आवाज रडवेला झाला होता.

"नाही. मी सांगितलं तं भांडन होईन. तू सांगितलं तं इलाज होईन."

तो आठवडा तिला खायला उठला. येत्या बाजारी दोघं आली नाहीत तर नेम गेला चुलीत, आपणच पातूर गाठायचं, असं तिनं मनाशी ठरवून टाकलं होतं.

पण पातूरहून बैलांची दमणी आली. खुशालराव बैलांपाशीच खाली मान घालून उभा राहिला आणि सिंधू एकटी आत आली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

"तुले तवाच समजलं होतं, माय?"

"हाव."

"अन् तू उगी राहिली. त्याइले बापा बापा करून समजावत बसली. मायाकडं यावं वाटलं नाही तुले?"

"लय वाटलं. पन माय म्हनून उठली असती तं तो पयाला असता, सिंधू. तू आज इथं नसती."

"असन तुयं खरं." सिंधूनं बाही वर सरकवली. "पन बायंतपनाले मी माहेरी येत नाही. पातुरातच करीन."

पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं, ही रीत. त्यात माहेरी आई सुईण! पार्बताबाईच्या काळजाला घरं पडली. पण डॉक्टर सुई घेऊन उभे होते. तिनं लेकीचा दंड घट्ट धरला.

"कुठीबी कर," ती म्हणाली. "सुई तेवढी चुकवू नोको."

सिंधूनं एकही चुकवली नाही. दर बाजारी यायची, हात पुढं करायची, औषधापुरतं बोलायची आणि दमणीत बसून निघून जायची. पार्बताबाई तिच्या पोटाकडे बघून घ्यायची. लेक रुसली तर रुसो, नातवंड जगणार, याची तिला सोळा आणे खात्री होती.

ऐन उन्हाळ्यात पातूरचा गाडीवान पुंजाराम दवाखान्याच्या दारात उभा राहिला. "पोरगी झाली, बाई."

"रडली का?"

"रडली म्हनता? सारी गल्ली उठवली तिनं!"

"अंगावर फोड? तयपाय सोलले?"

"कायचे फोड! तिथली सुईन म्हने, लोन्याचा गोया हाये."

पार्बताबाईच्या डोळ्यांना धारा लागल्या. तिनं त्या लपवल्या नाहीत. डिंकाच्या लाडवांचा डबा तिनं पुंजारामाच्या गाडीत ठेवला. मग मागच्या खोलीत जाऊन साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, खसाखसा, बाळंतिणीकडे जाताना धुवायची तसे. धुऊन झाल्यावर तिच्या ध्यानात आलं, आपल्याला कुणी बोलावलेलं नाही. तिनं ओले हात पदराला पुसले.