अक्षयाचं गाऱ्हाणं

ग्रामपंचायतीत सकाळी अकरा वाजता रसिका चार महिन्यांच्या अक्षयाला मांडीवर घेऊन बसली होती. ग्रामसेवकाने जन्मनोंदीच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवलं.

"लग्न झालेलं नाही, तेव्हा वडिलांच्या नावासाठी दोघांनी एकत्र सही करावी लागते. ते येतील ना?"

'ते' कोण, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. सरकारला तेवढं कळवायचं राहिलं होतं.

प्रीतम धुरी पर्यटकांना समुद्राच्या तळाशी नेऊन मासे दाखवायचा. असा हा धाडसी माणूस ग्रामपंचायतीच्या तीन पायऱ्यांना भीत होता. रसिकाने त्याला जेटीवर गाठलं.

"माका तुझा घर नको, लगीन नको. सही होयी."

"बाबांका इचारतंय."

"तेव्हा इचारललंस बाबांका?"

प्रीतमने होडीच्या दोरीची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली.

"उद्या ह्या चेडू माका इचारतला, बाप पळालो काय तू लपयलंस? काय सांगू?"

प्रीतमचे वडील भाई गावचे मानकरी. देवळात प्रत्येकाच्या नावाने देवाला साकडं घालायचा, म्हणजे गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. "धुऱ्यांचा नाव म्हणजे परसाद नाय, येयत तेका वाटूक," प्रीतमने विचारल्यावर ते म्हणाले. "तिच्या बापाशीक सांग, नात आपलाच चेडू म्हणान लाव." म्हणजे रसिका स्वतःच्या मुलीची बहीण झाली असती. घराण्याची अब्रू राखायला आपल्याकडे असलं नातंही चालतं.

जत्रेच्या दिवशी रांगेतल्या प्रत्येकाने देवापुढे नारळ ठेवला. भाई डोळे मिटून नाव विचारत, तेच नाव गाऱ्हाण्यात घेत, आणि गाव ठेक्यात साथ देई. साठ-सत्तर नारळ झाले.

"नाव?"

"अक्षया प्रीतम धुरी."

"बा देवा म्हाराजा, ह्या अक्षया प्रीतम धुरी, तुझा लेकरू, हेका सुखी ठेव रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" गाव गरजलं. सवयीने प्रीतमही.

मग भाईंनी डोळे उघडले. समोर रसिका होती.

घरी भाई म्हणाले, "चुकान गेला तोंडातसून."

त्यांची बायको सुशीला भात वाढत होती. तिचा हात थांबला. "चार म्हयने चुकलास, आज खरा गेला. आता देवाक जावन सांगा, गाऱ्हाणा खोटा म्हणान. मी येतंय वांगडा."

भाई जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी प्रीतम तीन पायऱ्या चढला. सही करताना त्याने मान वर केली नाही. रसिकाने पोर त्याच्यापुढे धरलं.

"सही केलंस. आता बघ तरी."

त्याने बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला. अक्षया हसत होती. तिला अजून कोणी काही सांगितलं नव्हतं.

रस्त्यापलीकडे भाई उभे होते. ग्रामसेवकाने दारातून हाक मारली, "आत या ना, भाई."

भाई हलले नाहीत. गाऱ्हाणं नव्हतं, देऊळही नव्हतं, तरी त्यांचे डोळे मिटलेले होते.