दोनशे भक्तांपुरती दिव्यदृष्टी

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. पडद्याआडून बाहेर येणारा जो तो गहिवरून सांगत होता, "बाबांनी न विचारता सगळं ओळखलं!"

माझी धाकटी जाऊ डोळे पुसतच बाहेर आली. "ताई, त्यांनी मला नावानं हाक मारली! पोरीला फिट येतात, हेसुद्धा त्यांनीच सांगितलं. म्हणाले, गोळ्या बंद कर, मी आहे ना."

माझा नुसता जळफळाट झाला. बाबांकडे चार महिन्यांपूर्वी आधी आले मी. हिला इथं आणलं मी. आणि आज मी आत गेले, तर बाबा माझ्याकडे कोऱ्या नजरेनं बघत म्हणाले, "श्रद्धा आटली तुझी. म्हणून तू मला दिसेनाशी झालीस."

हिला काय सोनं लागलंय? घरी मला घास गिळवेना. गोळ्या थांबवू नकोस, एवढंही मी तिला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी पोरीला फिट आली. तेव्हा माझीच मला लाज वाटली. "गोळ्या दे," म्हटलं, तर जाऊ म्हणाली, "बाबा आहेत ना!"

मग मी रांगेतल्यांना विचारत सुटले. नुकतेच येऊन गेलेले सगळे बाबांच्या लक्षात; महिन्यापूर्वीचे झाडून सगळे 'श्रद्धा आटलेले'! मी चमकले. मी एक्स-रे केंद्रात नोंदणीला बसते. आमचा संगणक रखडू नये म्हणून त्यात ठरावीक नोंदीच ठेवतात. नवी आली की सगळ्यात जुनी आपोआप पुसली जाते. इथंही दाराशी एक बाई पहिल्यांदा येणाऱ्याचं नाव-गाव, अडचण विचारून संगणकात भरायच्याच की! जुन्यांना नुसतं नाव विचारून आत सोडायच्या.

पुढच्या खेपेला जावेला सोबत घेतलं. दाराशी खोटं नाव दिलं आणि सांगितलं, "भाऊ समुद्रावर बेपत्ता आहे."

आत बाबांनी डोळे मिटले. "पाणी... पाणीच पाणी... भाऊ हाक मारतोय गं, ताई, ताई!"

"मला भाऊच नाही, बाबा. आम्ही पाच बहिणीच."

दाराचा पडदा मी सर्रकन ओढला, पाठोपाठ बाबांची शालही. शालीखाली मोबाइल उजळलेला होता. त्यावर माझं खोटं नाव, माझा बुडालेला भाऊ!

नोंदणीच्या टेबलावरचा संगणक मी लोकांकडे वळवला. एकूण नोंदी दोनशे. एका गृहस्थांनी आपलं नाव भरलं. तरी दोनशेच! वरचं पहिलं नाव मात्र गायब.

"अहो, ते माझं होतं!" एक निवृत्त पोस्टमन ओरडले. "म्हणजे आता माझीपण श्रद्धा आटली?"

हॉल हसला. बाबा मागच्या दारानं पसार झाले.

जाऊ मात्र माझ्यावरच उखडली. "तुम्हाला माझं बघवलं नाही, ताई!"

"नाही बघवलं," मी म्हणाले. "खोटं कशाला बोलू? पण पोरीला आजपासून गोळी दे."

पण वाटेत ती औषधाच्या दुकानापाशी थांबली.

मी मत्सरापोटी शोध घेतला, हे कबूल. तुम्ही निदान शहाणपणापोटी घ्या. आपलं नाव कुणालाही ओळखता येतं, त्याला एक यादी पुरते. तेवढ्यावर डॉक्टरांचं औषध सोडू नका. आधी विचारा: याला हे कळलं कसं?