दोरीवरचे हात

आमच्या किनाऱ्याला शांत कोण म्हणालं? मारिविक म्हणाली. माझ्या नवऱ्याची भाची. परदेशातून आली, नारळीच्या बागेत पाहुण्यांसाठी झोपड्या बांधल्या आणि रस्त्यावर पाटी ठोकली: ‘शांत गावकिनारा. मासेमारांसोबत जाळं ओढा.’ मासेमारांना विचारायची तसदी घेतली नाही. पाटी वाचली तेव्हाच माझं डोकं सणकलं होतं.

रापण ओढणं हा खेळ नव्हे. होडीने जाळं समुद्रात अर्धगोल टाकायचं, दोन्ही टोकांच्या दोऱ्या वाळूवर आणायच्या आणि गावाने ओढायच्या. ज्याचा हात दोरीला, त्याला वाटा. हात कुणाचा, कसला, हे जाळ्याचा मालक विचारत नाही. मालक म्हणजे माझा नवरा क्रिस्पुलो, त्याच्याआधी त्याचा बाप.

म्हातारी नांग सेब्या, नांग म्हणजे थोरली बहीण, या वाट्यावरच जगते. नवरा नाही, मूल नाही. दोरीच्या अगदी शेवटी उभी राहते आणि वाट्याच्या तारल्या घमेल्यात घेऊन जाते. मक्याच्या कण्या शेजारीपाजारी देतात, पण कोरड्या कण्या किती दिवस गिळणार?

त्या सकाळी मारिविक पाहुण्यांचा घोळका घेऊन आली. गोरे, कोरियन, आमच्याच राजधानीतले मनिलाचे, सगळे अंगाला तेल चोपडून. आले ते सरळ दोरीला झोंबले. नांग सेब्या या दोरीकडून त्या दोरीकडे गेली, परत आली. बोटभर जागा नाही. घुसायचा तिचा स्वभाव नाही. तेवढ्यात पाहुण्यांतल्या एका पोरीने तिच्यासाठी खुर्ची आणली.

“आजी, तुम्ही बसा. आम्ही ओढतो ना!” म्हणाली आणि तिचा फोटो काढला.

मला तिथेच त्या खुर्चीला लाथ घालावीशी वाटली.

जाळं आलं. क्रिस्पुलोने वाटे लावले, पाहुण्यांचेही लावले. त्यांनी मासे शेपटीने उचलून धरले, फोटो काढले आणि वाळूत टाकून आंघोळीला गेले. मी ते सगळे गोळा केले, धुतले आणि नांग सेब्याच्या घमेल्यात ओतले.

तिने घमेलं उपडं केलं. “मी कुठे हात लावला होता?”

“अगं, ते टाकून गेलेत!”

“टाकलेलं कावळ्यांना. मी काय कावळा आहे?” रिकामं घमेलं कमरेवर घेऊन ती निघून गेली.

घरी मी क्रिस्पुलोवर तोंड सोडलं. “त्यांना दोरीला हात लावू देऊ नकोस. तुझंच जाळं आहे ना? का भाचीला घाबरतोस?”

तो जाळ्याची भोकं सांधत होता. “वादळात घर गेल्यावर तुझी माणसं या गावात आली, तेव्हा माझ्या बापाने विचारलं होतं का, तुम्ही कोण म्हणून?”

“आम्ही उपाशी होतो!”

“त्याने तेही विचारलं नव्हतं.”

माझा राग जास्तच चढला. रात्रभर मी कूस बदलत राहिले.

दुसऱ्या दिवशी पाहुणे आणखी वाढले. मारिविकने त्यांना एकसारखे शर्टही वाटले होते. क्रिस्पुलो जाळ्यापाशी गळाभर पाण्यात होता. नांग सेब्या घमेलं घेऊन लांब उभी होती, एकही पाऊल पुढे न टाकता. मी दोरीवर पाय दिला.

“हात काढा!”

मारिविक मामीला, म्हणजे मला, आवरायला धावत आली. “तिया पेस्ता, वेड लागलं का? इथे असं कुणी कुणाला बोलत नाही.”

“मी बोलते. तूही काढ. झोपड्या तुझ्या, दोरी आमची. काढा म्हणते ना हात!”

भाषा कळली नसेल, पण माझं थोबाड कळलं. चटका बसल्यासारखे सगळ्यांनी हात सोडले. मोकळी दोरी वाळूत पडली. मला वाटलं होतं, गाव पुढे येईल. गावातलं कुणी हललं नाही. सगळे माझ्याकडे बघत होते.

“ओढा!” पाण्यातून क्रिस्पुलो ओरडला. “मासळी चालली!”

“ये, नांग,” मी म्हणाले. “तुझ्यासाठी जागा केली. ये की!”

नांग सेब्या आली, पण दोरीपाशी थांबली. आवाज अगदी हळू होता, फक्त मला ऐकू येईल एवढा.

“पेस्ता, माझ्या खांद्यात कधीपासूनच जोर उरलेला नाही. मी ओढत नाही गं, नुसती धरते. सगळ्यांना ठाऊक आहे. कधी कुणी हात काढ म्हणालं नाही, म्हणून तर जेवते.” तिने वाळूतल्या दोरीकडे पाहिलं. “आज ते शब्द इथे बोलले गेले.”

“तुला नाही म्हणाले मी! त्यांना म्हणाले!”

“आज त्यांना.”

दोरी पाण्याकडे सरकू लागली. मी दोन्ही हातांनी ती धरली, टाचा वाळूत रोवल्या. एकटीने काय होणार!

“धर ना, नांग!” मी किंचाळले. “धर म्हणते ना!”

तिने दोन्ही हात पाठीमागे नेले आणि ती माझ्यापासून मागे सरली.