जोडीतली बशी

कप उडाला तो थेट फ्रीजच्या दारावर आपटला. दुधाचा ओघळ खाली जमिनीपर्यंत आला आणि टिचकी आपल्या उंच खुर्चीत बसून टाळ्या वाजवायला लागली.

"शाब्बास!" आजी म्हणाली. हळूच म्हणाली, पण ऐकू जाईल इतपत.

सुनेनं फडकं उचललं. सासूकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. दूध पुसता पुसता ती दीड वर्षाच्या लेकीला म्हणाली, "टिचके, आजीला सांग, ही काही सर्कस नाही शाबासकी द्यायला."

"टिचके, आईला सांग, सर्कशीत जनावरांना तरी पोटभर पाजतात."

"टिचके, आजीला सांग, पोट भरायचं असेल तर कपानंही भरतं. पण भरू दिलं तर ना!"

टिचकीनं दोघींकडे आळीपाळीनं पाहिलं आणि म्हणाली, "बू."

असं हे घर होतं. लेकी बोले सुने लागे असं म्हणतात. इथे नातीला बोले आणि जिला लागायचं तिला बरोबर लागे. सासू-सुनेचं आपसातलं बोलणं कधी थांबलं हे त्यांचं त्यांनाही आठवत नव्हतं. बहुधा बाळंतपणातच, बाळाला टोपडं घालायचं की नाही यावरून. तेव्हापासून घरातला सगळा निरोप टिचकीच्या डोक्यावरून जायचा. मुलगा बिचारा सकाळी बसडेपोत इंजिनं उघडायचा आणि संध्याकाळी घरात तोंड बंद ठेवायचा. इंजिनं परवडली, असं तो मित्रांना सांगे.

टिचकीला शब्द येत होते तीन. 'दे', 'नाय' आणि 'बू'. 'बू' म्हणजे बाटली. आणि बाटली यायची आजीच्या हातून, म्हणून 'बू' म्हणजे आजीसुद्धा. आजीला या गोष्टीचा कोण अभिमान! नातीनं आईच्या आधी आपल्याला हाक मारली, हे ती जिन्यात भेटेल त्याला ऐकवायची. सून मात्र एकदा फोनवर बहिणीला म्हणाली होती, "बरोबरच आहे नाव. दोन्ही सुटता सुटत नाहीत." आजी आतल्या खोलीत होती. तिचे कान शाबूत होते.

म्हातारीचा आणि कपांचा संबंध आजचा नव्हता. उभा जन्म तिनं एका मोठ्या कचेरीच्या कँटीनमध्ये चहा करण्यात घालवला होता. सकाळी किटली चढवायची ती संध्याकाळी उतरवायची. मजल्यामजल्यावर ट्रे न्यायचा, उष्टे कप परत आणायचे, विसळायचे, पुन्हा भरायचे. साहेब असो नाहीतर झाडूवाला, चहाला नावं ठेवली की ती अशी उसळायची की लोक तिला पाठीमागे 'उकळी' म्हणत. "उकळीला सांगू नका, चहा पाणचट आहे म्हणून. अंगावर यायची." तिला हे माहीत होतं आणि मनातून आवडतही होतं.

स्वतःचा चहा तिनं कधी कपातून प्यायला नाही. निवायला वेळ कुठे होता? एक घंटा वाजली की दुसरी वाजेपर्यंत जो काय वेळ मिळेल त्यात चहा बशीत ओतायचा, फुंकर मारायची, फुर्रकन दोन घोट, की पदर खोचून उभी. नोकरी संपली त्या दिवशी मॅनेजरनं विचारलं, "काय हवंय तुम्हाला आठवण म्हणून?" तर तिनं अख्खी मांडणी उपसून एक जोडी शोधून काढली. निळ्या काठाचा कप आणि त्याच काठाची बशी. कँटीनमध्ये कपाला त्याची स्वतःची बशी मिळणं म्हणजे चमत्कारच! ती जोडी घेऊन ती मुलाच्या घरी आली आणि दुपारचा चहा तशीच पीत राहिली. फुर्र, फुर्र. घंटा नव्हती, तरी.

त्या फुर्रचा सुनेला भयंकर राग. "टिचके, आजीला सांग, भिंतीपलीकडच्यांनाही कळतं आपल्याकडे चहा झालाय ते."

पण खरं भांडण बाटलीचं होतं.

सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. उजाडायच्या आत निघायची, दिवसभर लोकांच्या शिरा शोधायची आणि थकून भागून परत यायची. तिनं कोपऱ्यावरचं पाळणाघर बघून ठेवलं होतं. तिथल्या बाईंनी स्पष्ट सांगितलं होतं, बाटलीवालं मूल आम्ही घेत नाही, कपानं प्यायला लागली की आणा. आणि टिचकी पाळणाघरात गेली की आजीचं इथे काम काय? "मग आई थोरल्याकडे जातील. त्यांचं घर मोठं आहे," हे सुनेनं नवऱ्याकडून कबूल करून घेतलं होतं. नवऱ्यानं मान डोलावली होती. तो मान डोलावण्यात पटाईत होता.

थोरल्या मुलाचं घर मोठं होतं हे खरंच. थोरला आणि त्याची बायको दोघंही सकाळी बाहेर पडायची ती दिवेलागणीला परतायची. मूलबाळ नाही. थोरली सून गोड बोलायची, "आई, काही लागलं तर सांगा हं." तिथे आजी एकदा महिनाभर राहून आली होती. भांडायलासुद्धा कुणी नव्हतं. भिंतीकडे बघून बघून तिचा जीव नकोसा झाला होता.

तेव्हा गणित सरळ होतं. बाटली आहे तोवर आजी आहे.

सुनेनं एके दिवशी घरातल्या सगळ्या बाटल्या कचऱ्यात टाकल्या. म्हणजे तिला तसं वाटलं. एक बाटली आजीच्या उशीच्या अभ्र्यात राहिली. दुपारी घर रिकामं झालं की ती बाहेर यायची. टिचकी आजीच्या मांडीत आडवी पडायची, डोकं कोपराच्या खळगीत, एका हातानं आजीच्या कानाची पाळी कुरवाळत चुकूचुकू प्यायची आणि बूच तोंडात ठेवूनच झोपी जायची. आजी हलायचीसुद्धा नाही. पायाला मुंग्या येत, तरी नाही. जन्मभर उभी राहिलेली बाई, तिला बसवून ठेवणारं माणूस आता भेटलं होतं. त्या वेळेसाठीच ती उरलेला दिवस ढकलायची, हे खोटं कशाला बोला?

मांजर डोळे मिटून दूध पितं. ते कधीतरी कळतंच.

सून टिचकीला दातांच्या डॉक्टरणीकडे घेऊन गेली आणि परत आली ती वादळासारखी. चपलासुद्धा काढल्या नाहीत. सरळ आजीच्या खोलीत शिरली. कपाट उघडलं, पिशव्या उलट्या केल्या, अंथरूण उचललं. उशी हातात घेतली, तेव्हा ती नको तिथे कडक लागली.

बाटली हातात धरून ती सासूसमोर उभी राहिली. त्या दिवशी निरोपाला मध्ये टिचकी नव्हती.

"पुढचे चारही दात किडलेत तिचे," ती म्हणाली. "डॉक्टर विचारत होत्या, झोपताना बाटली देता का? मी म्हणाले, कधीच बंद केली. त्या हसल्या माझ्याकडे बघून. मी खोटारडी ठरले तिथे. तुमच्यामुळे."

"दुधाचे दात पडायचेच असतात," आजी म्हणाली.

"पडेपर्यंत दुखणार कुणाला? तुम्हाला?"

आजीनं बाटलीसाठी हात पुढे केला.

"आई, असं कशाला करायचं?" दारातून मुलगा पुटपुटला.

"तू गप!" दोघी एकदम म्हणाल्या. त्या घरात त्यांचं एकमत झालं ते तेवढंच.

सुनेनं कात्री आणली आणि बाटलीचं बूच टिचकीसमोर कचकन कापलं. टिचकीनं असा टाहो फोडला की शेजारची दारं उघडली. "बू! बू!" ती बाटलीला हाक मारत होती की आजीला, देव जाणे. आजीला मात्र दोन्ही ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरात आजी आणि टिचकी दोघीच. टिचकी दुधाच्या थेंबाला शिवली नव्हती. चोचीचा कप फेकला, नळीचा फेकला, चमचा थुंकला. रडून रडून तिचा चेहरा सुजला होता. आजीनं तिला मांडीवर घेतलं आणि अंगठ्यानं वरचा ओठ हळूच उचलला. हिरडीजवळ तपकिरी रेघ होती. चहाच्या कपात दिवसभर साय धरली की उमटते तशी. असले डाग तिनं जन्मभर घासून काढले होते. हा घासून जाणारा नव्हता.

'मी केलं हे,' ती मनात म्हणाली. 'त्या बयेनं नाही. मी.'

तिला हुंदका आला, मग स्वतःचाच राग आला आणि राग आला की तिला चहा लागायचा. तिनं चहा टाकला, निळ्या काठाच्या बशीत ओतला, फुंकर मारली आणि फुर्रकन घोट घेतला.

टिचकीचं रडणं थांबलं.

आजीनं दुसरा घोट घेतला. फुर्र. टिचकी रांगत जवळ आली, आजीचा गुडघा धरून उभी राहिली आणि बशीकडे बोट करून म्हणाली, "दे."

"अगं, चहा आहे हा मेला."

"दे!"

आजी उठली. चहा ओतून टाकला, बशी धुतली, तिच्यात थोडंसं कोमट दूध ओतलं आणि दोन्ही हातांनी टिचकीच्या ओठांशी धरली. टिचकीनं आधी फुंकर मारली. निम्मं दूध आजीच्या नाकावर उडालं. मग तिनं ओठांचा चंबू केला आणि अगदी आजीसारखं ओढलं, "फुर्रर्र!"

आजी हसली. पोट धरून हसली. पुन्हा ओतलं, पुन्हा फुर्र. सगळं दूध संपलं. टिचकी मांडीवर बसलीसुद्धा नाही. उभ्या उभ्याच प्यायली. कँटीनच्या बाईसारखी.

आणि मग आजीचं हसू थांबलं. आपल्याच हातानं आपल्याच पायावर आपण धोंडा पाडून घेतला, हे तिला तेव्हा कळलं. तिनं बशी पुसली आणि वरच्या फळीवर, डब्यांच्या मागे सरकवून ठेवली. कुणी पाहिलं नव्हतं. टिचकीला सांगता येणार नव्हतं.

संध्याकाळी सून आणखी एक कप घेऊन आली. हत्तीच्या चित्राचा.

"टिचके, बघ, हत्ती! पी गं."

"नाय."

"एकच घोट. पी गं माझी आई. पाया पडते तुझ्या."

हत्ती जमिनीवर गडगडत गेला. सुनेनं तो उचलला नाही. ती तिथेच फरशीवर, सांडलेल्या दुधाशेजारी बसली आणि तोंडावर ओढणी दाबून रडायला लागली. आवाज न करता रडत होती. सासूला ऐकू जाऊ नये म्हणून.

आजी खोलीत बसून ऐकत होती. गप्प राहिली असती तर काय बिघडलं असतं? जे हवं होतं तेच तर घडत होतं. रडू दे. मला काय कमी रडवलंय हिनं? पण टिचकीही कण्हत होती, भुकेनं, आणि ती तपकिरी रेघ आजीच्या डोळ्यांपुढून हलेना.

ती उठली. डब्यांच्या मागची बशी काढली.

"आता हे काय नवीन काढलंत?" सून डोळे पुसत म्हणाली.

"टिचके, आईला सांग, बाजूला हो."

दूध ओतलं. बशी पुढे केली. फुंकर, चंबू आणि फुर्रर्र. भिंतीपलीकडे ऐकू जाईल असा. टिचकी बशी चाटूनपुसून मोकळी झाली आणि रिकाम्या बशीवर बोट ठेवून म्हणाली, "बू."

सून बघतच राहिली. मग सासूकडे वळली. "कधीपासून पितेय?"

"आज दुपारपासून."

"आणि मी एवढा वेळ इथे..." तिनं वाक्य पुरं केलं नाही. आभार मानणं तिच्या जिवावर आलं आणि मानले असते तर सासूनं घेतलेही नसते. ती एवढंच म्हणाली, "फुंकर मारायची वाईट सवय लागलीय. ती मोडावी लागेल."

बशीवरून टिचकी कपावर आली. पाळणाघराच्या बाईंनी तिला घेतलं. आणि एका सुटीच्या दिवशी थोरला गाडी घेऊन दाराशी उभा राहिला.

आजीची बॅग भरून झाली होती. सुनेनं स्वयंपाकघरातून निळ्या काठाची बशी धुऊन आणली आणि टिचकीला कडेवर घेऊन दारात आली.

"टिचके, आजीला सांग, बशी राहिली."

"टिचके, आईला सांग, बशी राहू दे. आजारी पडली, हट्टाला पेटली, तर लागेल."

"जोडी फुटेल," सून म्हणाली. हे ती टिचकीला म्हणाली नाही.

"फुटू दे," आजी म्हणाली. तिनंही टिचकीला म्हटलं नाही. "आणि तिचे दात रात्री घासत जा. विसरू नकोस."

"मला शिकवू नका."

"बू!" टिचकी ओरडली आणि दोन्ही हात पसरले. आजी पुढे झाली. टिचकीनं खाली वाकून आईच्या हातातली बशी घट्ट धरली.

थोरल्याच्या घरी दुपार झाली. सुटी होती म्हणून थोरली सून घरात होती. तिनं आजीच्या निळ्या काठाच्या कपात चहा आणून दिला आणि गोड आवाजात विचारलं, "आई, बशी देऊ का? आमच्याकडे छान आहेत."

"नको," आजी म्हणाली. "निवू दे. आता कुठे जायचंय?"

सून आत गेली. आजी कप मांडीवर धरून बसून राहिली, चहा निवायची वाट बघत.