बाप्तिस्म्याचं भांडं समुद्राला जातं

शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीत शलमोनआबांच्या घराण्याला जो मान होता, तो एका भांड्यामुळं. जमीन म्हणाल तर सव्वा एकर, तीही अर्धी चोपण. शिक्षण म्हणाल तर आबा सातवी नापास. पण भांडं! पांढऱ्याशुभ्र चिनी मातीचं, लांबट, काठाला निळी वेल. मिशनचे पेल्टन साहेब कायमचे अमेरिकेला निघाले तेव्हा मडमबाईंनी आपल्या हातानं ते आबांच्या आज्याला दिलं. आज्यानं ते देवळात नेलं. तेव्हापासून शिरूर-दौंडच्या मंडळीत जन्मलेल्या प्रत्येक लेकराचा बाप्तिस्मा त्याच भांड्यातल्या पाण्यानं होत आला होता.

भांडं लांबट का, गोल का नाही, असं एकदा रविवारच्या शाळेत एका पोरीनं विचारलं होतं. आबा म्हणाले, "अमेरिकेतली लेकरं लांब असत्यात." पोरीचं समाधान झालं. मंडळीचंही झालं.

बाप्तिस्म्याच्या वेळी पाळकांशेजारी भांडं धरून उभं राहायचा मान आबांचा. एरवी लग्नाकार्यात त्यांना कोणी पुढची खुर्ची देत नसे. पण त्या दिवशी आबा कडक इस्त्रीत, छाती पुढं काढून उभे राहायचे, आणि त्यांच्या हातांकडं अख्खी मंडळी बघायची. वर्षातून तीन-चार वेळा का होईना, माणूस उंच व्हायचा.

हा मान दौंडच्या ख्रिस्तोफरच्या डोळ्यांत चाळीस वर्षं सलत होता. ख्रिस्तोफर रेल्वेतून निवृत्त झालेला गार्ड. वार्षिक सभेत दरसाल त्याचा एकच ठराव: "भांडं मंडळीचं हाय, एका घराचं न्हाई. सहा महिने शिरूर, सहा महिने दौंड." दरसाल ठराव पडायचा. यंदा त्यानं रूळ बदलला.

"मडमबाईंनी हे बाप्तिस्म्यासाठीच दिलं, ह्याला पुरावा काय?" तो भर सभेत उभा राहून म्हणाला. "नसंल पुरावा, तर तुमचं भांडं काय आन् बाजारातली परात काय!"

पुढच्याच रविवारी आबांची नात रोझी हिच्या पहिल्या लेकराचा बाप्तिस्मा होता. पणतवंडाच्या वेळी परात आणली, तर घराण्यात मग उरलं काय?

तेवढ्यात ब्लेसन पाळकांना मोबाईलवर दिसलं, की अलिबागच्या पलीकडं समुद्रकाठी पेल्टन साहेबांचा उन्हाळ्याचा बंगला होता, तो कोणीतरी नीटनेटका करून लोकांना बघायला खुला केलाय. ब्लेसन पाळक वयानं तरुण आणि उत्साहानं त्याहून तरुण. लगेच सूचक आला, अनुमोदक आला, सहलीचा ठराव एकमतानं झाला. आबांनी मनाशी ठरवलं, भांडं बरोबर घ्यायचं. साहेबांच्या घरात कुठं ना कुठं कागद असंल, फोटो असंल. ख्रिस्तोफरच्या तोंडावर फेकायचा.

पहाटे बस शिरूरहून सुटली. चौफुल्याला दौंडची मंडळी चढली. सुटताना प्रार्थना झाली, चौफुल्याला झाली, घाटाच्या तोंडाशी तर फारच लांब झाली, आणि त्या वेळी ड्रायव्हरला, बाबा तू डोळे मिटू नकोस, असं दोनदा सांगावं लागलं.

आबांच्या मांडीवर दयाबाईंच्या लुगड्याची गोधडी आणि गोधडीत भांडं. "माझी चार पोरं मिळून एवढी मांडीवर घेतली न्हाईत ह्यांनी," दयाबाई शेजारणीला म्हणाल्या.

"जपून हां, आबा," मागून ख्रिस्तोफर ओरडला. "फुटलं तर पुरावा बी फुटंल!"

"गार्डसाहेब, तुमची गाडी कवाच यार्डात गेली. आता शिट्टी मारू नका," आबांनी मागं न बघता सांगितलं. बस हसली.

बंगला कौलारू, बुटका, तिन्ही बाजूंनी पडवी, आणि मागं समुद्र. दाखवायला ऋतिका नावाची पुण्याची मुलगी होती. "प्लीज कशालाही टच करू नका," ती म्हणाली. हे तिनं कोणाला सांगावं! शेजाऱ्यांच्या शेंदूर फासलेल्या दगडाला जन्मभर नावं ठेवणाऱ्या अनसाबाई साहेबांच्या टोपीच्या खुंटीला हात लावून तोच हात कपाळाला लावत होत्या. दोघं सेवानिवृत्त गुरुजी साहेबांच्या आरामखुर्चीसमोर चपला काढून उभे होते. एकजण रिकाम्या पिंजऱ्यापुढं डोळे पुसत होता. त्यात साहेबांचा पोपट होता म्हणे.

"साहेब फार साधे होते," ऋतिका सांगत होती. "इथं त्यांच्याबरोबर फक्त सात नोकर असायचे."

मंडळी त्या साधेपणानं गहिवरली.

आबा गोधडी छातीशी धरून घोळक्यातून सटकले. भिंती बघत, फोटो बघत मागच्या पडवीत आले. इथून पायऱ्या सरळ वाळूत उतरत होत्या. आणि पायरीशेजारी, बुटक्या चौरंगावर, भांडं होतं. पांढरं. लांबट. काठाला निळी वेल.

आबांनी आधी गोधडी चाचपली. त्यांचं त्यांच्याजवळच होतं. मग त्यांनी चौरंगावरची पाटी एकेक अक्षर लावून वाचली. 'समुद्रावरून आल्यावर वाळूचे पाय धुण्याचे भांडे. जोडीतील एक. दुसरे उपलब्ध नाही.'

आबांनी पुन्हा वाचली. अक्षरं तीच निघाली.

वर भिंतीवर फोटो होता. पेल्टन साहेब विजार गुडघ्यापर्यंत दुमडून खुर्चीत बसलेले, दोन्ही पाय एका भांड्यात, तोंडभर हसू. शेजारी दुसरं भांडं. त्यात ओलंचिंब कुत्रं उभं.

आबा मटकन पायरीवर बसले. डोक्यात शिरूरचं देऊळ उभं राहिलं. त्यात बाप, चुलते, स्वतः, चार पोरं. इस्त्रीतले आपण. सगळ्यांच्या कपाळावर ते पाणी. मग ते धडपडत उठले. खांद्यावरचा टॉवेल त्यांनी फोटोच्या खिळ्याला अडकवला आणि पाटीला पाठ लावून उभे राहिले.

"काय आबा, कागद घावला का?" ख्रिस्तोफर आलाच.

"न्हाई घावला."

"मग भिंत काय धरून ठेवलीया? सरका, वारा येऊ द्या."

"वारा तिकडनं बी येतोय."

ख्रिस्तोफरनं तीस वर्षं गार्डच्या डब्यात लपलेली बिनतिकिटी माणसं हुडकली होती. त्यानं आबांना खांद्याला धरून अलगद बाजूला केलं. भांडं बघितलं. पाटी वाचली. टॉवेल उचलून फोटो बघितला.

आबांनी मान खाली घातली. चाळीस वर्षं ज्याची वाट बघितली ते ह्या माणसाच्या ताटात आयतं पडलं होतं. आता हा ओरडणार, अख्खी मंडळी धावत येणार, आणि रविवारी परात येणार.

ख्रिस्तोफर ओरडला नाही. त्यानं टॉवेल परत नीट अडकवला, आबांना पायरीवर बसवलं आणि स्वतः शेजारी बसला. समुद्राकडं बघत तो हलक्या आवाजात म्हणाला, "माझी सहा पोरं. अकरा नातवंडं. आन् मी."

"माझी चार," आबा म्हणाले.

"आबा, ह्यातलं आपलं कुठलं? साहेबांचं का... त्याचं?"

"साहेबांचं."

"कशावरनं?"

"कुत्र्याचं भांडं कोन भेट देतंय का?"

"तुमच्या आज्याला दिलंय. सांगता येत न्हाई," ख्रिस्तोफर म्हणाला. पण त्यात नेहमीचं विष नव्हतं.

तोवर ऋतिकाचा आवाज जवळ आला. "आणि आता आपण मागच्या व्हरांड्यात जाऊ या."

ख्रिस्तोफर ताडकन उठला. फलाटावर उभा राहावा तसा दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला. "हिकडं यायचं न्हाई. फरशी वल्ली हाय."

"फरशी ओली नाहीये, आजोबा."

"घसरून पडलं कोन म्हंजी? म्हातारी मानसं हायेत."

ब्लेसन पाळक गर्दीतून पुढं आले. "अहो, आबा कुठं आहेत? आबा, भांडं दाखवा ना ह्यांना. एवढं मांडीवर आणलंत! पुराव्याचा प्रश्न इथंच मिटेल."

आबांनी गोधडी आणखी घट्ट धरली.

"पाळकसाहेब," ख्रिस्तोफर खाकरला, "मला सूचना मांडायचीय."

मंडळी थबकली. ख्रिस्तोफरची सूचना म्हणजे काय, हे सगळ्यांना पाठ होतं.

"सूचना अशी, की वाडवडिलांनी जे भांडं पवित्र मानलं त्याचा पुरावा मागणं म्हंजी अविश्वास हाय. मी मागितला, मी चुकलो. भांडं हितं उघडायचं न्हाई. शिरूरातच राहील, आबांच्याच घरात."

"अनुमोदन," आबांच्या तोंडातून एकदम निघालं. ख्रिस्तोफरच्या सूचनेला हे त्यांचं आयुष्यातलं पहिलं अनुमोदन.

हात वर झाले. अनसाबाईंना तर रडूच कोसळलं. समुद्राच्या साक्षीनं दोघांचं वैर मिटलं, साहेबांचा आत्माच बोलला, असं त्या म्हणाल्या. दयाबाई मात्र कपाळाला आठी घालून नवऱ्याच्या खांद्यावरचा टॉवेल कुठं गेला ते शोधत होत्या.

"चला की मग," ख्रिस्तोफरनं आवाज चढवला. "समुद्र बघायचा का फरश्याच बघायच्या?" आणि त्यानं सगळ्यांना पुढच्या दारानं बाहेर हाकललं.

दुपारी मंडळी लाटांत नाचत होती. हे दोघं बसमध्ये एका बाकावर बसले होते, मधे गोधडी.

"न्या दौंडला," आबा म्हणाले. "सहा महिने काय, बारा महिने न्या."

"छ्या! घराण्याचा मान तुमचा. मी कशाला हात लावू?"

"चाळीस वर्षं मागत व्हता की."

"तवा अक्कल न्हवती."

आबा गोधडीवर हात ठेवून म्हणाले, "गार्डसाहेब, चेष्टा न्हाई. रविवारी रोझीचं लेकरू हाय. मी त्या पोराच्या डोईखाली हे कसं धरू?"

ख्रिस्तोफर आबांकडं वळला. "माझ्या आईचा बाप्तिस्मा ह्यातच झाला," तो म्हणाला. "रेल्वे कॉलनीतली निम्मी बाळंतपणं तिनं केली. रातच्याला कुनी बी हाक मारावी, ही उठली. कुनाचा चहा बी प्याली न्हाई. तिला काय झालं वो त्या पान्यानं?"

"काय न्हाई झालं."

"मग धरा."

"मी एकटा न्हाई धरायचो. तुमी बी या."

ज्या जागेसाठी ख्रिस्तोफरनं चाळीस ठराव मांडले होते, ती अशी फुकट मिळाली. त्याच्या तोंडावर आनंद काही दिसला नाही. "येतो," तो म्हणाला. "पर आदल्या दिवशी साबनानं घासा. तीनदा."

"शंभर वर्षं घासतोय आमी."

"आता आनखी घासा."

परतीच्या वाटेवर ब्लेसन पाळकांनी माईक हातात घेतला. आजच्या आशीर्वादानं त्यांचा चेहरा फुलला होता. "मंडळी, एक आनंदाची गोष्ट! दौंडच्या देवळातला प्रभुभोजनाचा चांदीचा प्याला आहे ना, तोही साहेबांनीच दिलाय. महाबळेश्वरच्या त्यांच्या बंगल्यातून आला असं म्हणतात. आता तोही बंगला उघडतायत! पुढल्या उन्हाळ्यात आपण सगळे तिकडं जाऊ. ठराव मांडू का?"

ख्रिस्तोफरचा चेहरा पांढरा पडला. त्यानं आबांकडं बघितलं.

आबा गोधडी सावरत उभे राहिले, आणि कोणी अनुमोदन द्यायच्या आत हात वर करून म्हणाले, "शिरूरचा इरोध हाय."