तीन टाके

मित्रांनो, ती गेल्याचे मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळले. समोरची चहावाली गार्डला म्हणाली, "वेल्डरकाकांची बायको गेली. काल इथून परत फिरवलीस ना, त्याच रिक्षात." गार्डने कप तसाच खाली ठेवला.

मी सरकारी कचेरीभोवतीच्या कुंपणातली एक जुनी लोखंडी जाळी. मला मान खाली घालता येत नाही.

मला त्या वेल्डरनेच घडवले. मोर्चे वाढले तेव्हा कचेरीभोवती उंच कुंपण घालायचे ठरले. आम्ही साठ जाळ्या होतो, सगळ्या एका मापाच्या. एका दुपारी त्याची बायको डबा घेऊन कारखान्यात आली आणि आमच्याकडे बघत राहिली.

"अहो, कचेरीच्या मागे दवाखाना आहे. हे लावल्यावर आजारी माणसाने काय उडत जायचं?"

"नकाशात दरवाजा नाही."

"नकाशा काढणारा आजारी पडत नसेल."

तो हसला. जेवण झाल्यावर त्याने मला मधोमध कापले आणि स्ट्रेचर जाईल एवढा दरवाजा बसवला. कचेरीच्या साहेबांनी बघून पाठ थोपटली. बाकीच्या जाळ्या फक्त अडवत होत्या, मी माणसांना वाटही देत होते. मला त्याचा अभिमान होता. गरोदर बाया, काठी टेकत येणारे म्हातारे, सगळे माझ्यातून गेले. ती स्वतःही महिन्याला गोळ्या आणायला जायची. घरी गेल्यावर त्याला सांगायची, "तुमच्या लेकीला तेल द्या, फार कुरकुरते." दुसऱ्या दिवशी तो तेल घेऊन हजर.

मग मोठे आंदोलन झाले. दोघेजण माझ्या दरवाजातून आत घुसले आणि कचेरीच्या पायरीवर जाऊन बसले. बसले, एवढेच. साहेब वेल्डरला म्हणाले, "बंद करून टाका. दोन दिवसांचा प्रश्न आहे." त्याने दरवाजाला वेल्डिंगचे तीन टाके मारले. हात चांगला होता त्याचा, वाईट काम त्याला जमतच नसे.

दहाव्या दिवशी आंदोलक घरी गेले. रस्ता झाडून झाला. आम्ही मात्र तिथेच राहिलो, चार महिने, अडवायला एकही आंदोलक नसताना. दरवाजा उघडा असे कोणी म्हटले नाही. त्यानेही विचारले नाही. आज विचारू, उद्या विचारू, असे चालले होते.

त्या दिवशी तिला श्वास लागला. रिक्षा माझ्यापाशी थांबली. दवाखान्याची पाटी माझ्यातून दिसत होती. गार्ड म्हणाला, "काका, मागून जा. माझ्या हातात काही नाही." मागून म्हणजे अर्धा तास. वेल्डरने दोन्ही हातांनी मला धरले आणि ओढले. पुन्हा ओढले. बोटे फाटली. मी हलले नाही.

ती रिक्षातून म्हणाली, "सोडा हो. तुमचं काम कधी कच्चं निघालंय का?"

एवढेच बोलली. रिक्षा वळली.

तेरा दिवसांनी तो कचेरीत अर्ज घेऊन गेला. परत येऊन गार्डला सांगत होता. कारकुनाने नकाशा काढून दाखवला होता. "यात दरवाजाच नाही, काका. नसलेला दरवाजा उघडायची परवानगी कशी देऊ? आणि सरकारी जाळी कापलीत तर गुन्हा होईल." बंद करायचा हुकूम तोंडी होता, त्यामुळे त्याचाही कागद नव्हता.

गेल्या महिन्यात आम्हाला नवा रंग दिला. टाक्यांवरूनही ब्रश फिरला. आता तिथे दरवाजा होता हे परक्याला कळणार नाही.

मित्रांनो, माझी निगा राखा असे मी सांगणार नाही. माझी निगा फार चांगली राखली जाते. उद्या तुम्ही मोठे व्हाल, कोणाला तरी काहीतरी बंद करायला सांगाल. ते उघडणार कोण आणि कधी, हे त्याच दिवशी ठरवा.

तो अजून रोज सकाळी येतो. माझ्यासमोर थोडा वेळ उभा राहतो आणि कामावर जातो. तिन्ही टाके अजून कापलेले नाहीत.